खोलीतला दुसरा माणूस

आईबाबांनो, तो व्हिडिओ तुम्हीही मोबाइलवर पाहिला असेल. तीन-चार वर्षांचं पोर, समोर बशीत चॉकलेट. "मी येईपर्यंत खायचं नाही हं, मग अजून एक देईन," असं सांगून आई आत जाते. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालूच. पोर चॉकलेटला बोट लावतं, बोट चाटतं, छताकडे बघतं, स्वतःशीच पुटपुटतं. आपण पोट धरून हसतो आणि हसता हसता मनात शंका डोकावते, आपलं थांबेल का? काही पालक त्याच संध्याकाळी करून बघतात. पोरानं दहाव्या सेकंदाला चॉकलेट तोंडात टाकलं की आईचा चेहरा उतरतो. मग प्रश्न येतो, "याला अजिबात दम धरवत नाही हो, पुढे कसं व्हायचं याचं?"

मानसशास्त्रातले गाजलेले प्रयोग हल्ली व्हॉट्सॲपवरून घरोघर पोचलेत. येताना त्यांचा निम्मा भाग वाटेतच गळून पडलाय, आणि माझं मत विचाराल तर पालकांच्या कामाचा भाग नेमका तोच होता. त्याच्याबद्दल आज बोलू.

चॉकलेटच्या त्या खेळाचं मूळ वॉल्टर मिशेल यांच्या प्रयोगात आहे. मिशेल जन्माने व्हिएन्नाचे, ज्यू. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझींच्या ताब्यात गेला तेव्हा हा आठ वर्षांचा मुलगा आईवडिलांबरोबर देश सोडून अमेरिकेत आला. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक असताना, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, त्यांनी विद्यापीठाच्या आवारातल्या बिंग नर्सरी स्कूलमध्ये हे प्रयोग सुरू केले. मुलं बहुतेक चार वर्षांच्या आसपासची. एका छोट्या खोलीत टेबल, त्यावर मुलाच्या आवडीचा खाऊ आणि एक घंटी. मार्शमेलो म्हणजे साखरेची ती मऊ पांढरी मिठाई, तिच्यामुळे प्रयोगाला नाव पडलं; पण कुणासमोर बिस्किटं असत, कुणासमोर खारे प्रेट्झेल. अट सोपी होती. मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन, घंटी वाजवून मला बोलावलंस तर एकच.

आता गळून पडलेल्या भागातली पहिली गोष्ट. खरा खेळ सुरू होण्याआधी त्या मुलांना घंटीचा सराव दिला जाई. मुलानं घंटी वाजवायची, की बाहेर गेलेला माणूस लगेच हजर. पुन्हा बाहेर, पुन्हा घंटी, पुन्हा हजर. 'हा माणूस बोलल्याप्रमाणे येतो' हे मुलाला पक्कं पटल्यावरच मिठाईचं ताट पुढे येई. व्हिडिओतल्या आईनं हा भाग केलेला नसतो.

दुसरी गोष्ट अशी की कोणतं मूल संयमी आणि कोणतं हावरट याची यादी करायला मिशेल बसलेच नव्हते. त्यांना बघायचं होतं की थांबणारी मुलं थांबण्यासाठी नेमकं काय करतात. मुलांनी उत्तरंही झकास दिली. कुणी डोळ्यांवर हात घेतले, कुणी खुर्ची फिरवून पाठ केली, कुणी गाणं म्हटलं, कुणी चक्क झोपायचा प्रयत्न केला. मिठाई झाकून ठेवली की मुलं कितीतरी जास्त वेळ थांबत. 'हे खरं नाही, चित्र आहे असं समज' असं आधी सांगून ठेवलं तरी थांबत. म्हणजे संयम नावाची वस्तू जन्मतःच कुणाच्या पोटात जास्त आणि कुणाच्या कमी घातलेली असते, असं काही या प्रयोगात निघालं नव्हतं. लक्ष दुसरीकडे वळवण्याच्या युक्त्या असतात आणि त्या शिकवता येतात, असं निघालं होतं. आपण मात्र फ्रिजमधलं श्रीखंड उघड्या वाडग्यात समोर ठेवून "बघ हं, हात लावायचा नाही" असं बजावतो.

मग हे भविष्यवाणीचं प्रकरण आलं कुठून? मिशेल यांच्या तीन मुली त्याच शाळेत होत्या. जेवताना त्यांच्या वर्गमित्रांची ख्यालीखुशाली कानावर पडे, आणि त्यातून मिशेलना जाणवू लागलं की जास्त वेळ थांबलेल्यांचं पुढे बरं चाललेलं दिसतंय. मग रीतसर पाठपुरावा झाला. १९९० मधल्या लेखात थांबण्याची मिनिटं आणि महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेचे गुण यांचा संबंध दिसला आणि जगभर बोभाटा झाला. सहाशेहून जास्त मुलांपैकी परीक्षेचे गुण हाती आले ते शंभरापेक्षाही कमी जणांचे. त्यातही बहुतेक मुलं विद्यापीठाशी संबंधित घरांतली. निष्कर्ष जपून वापरा, असं संशोधकांनी म्हटलंही होतं. जपून वापरण्याच्या सूचना व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होत नाहीत.

२०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून जास्त मुलांच्या माहितीवर हाच संबंध पुन्हा तपासला, यावेळी वेगवेगळ्या आर्थिक थरांतल्या मुलांवर. संबंध मिळाला, पण जुन्याच्या निम्मा. आणि घरची परिस्थिती, घरातलं वातावरण, मुलाची आधीची समज हे हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश विरघळून गेला. पुढे खुद्द बिंगमधली ती मुलं चाळिशी ओलांडून गेल्यावर त्यांच्या जमाखर्चाची, मालमत्तेची पाहणी झाली, मिशेल यांच्याच सहभागाने. लहानपणीच्या त्या मिनिटांवरून कोणाकडे किती पुंजी जमेल, हे काही सांगता आलं नाही. तेव्हा ज्यांच्या पोरानं दहाव्या सेकंदाला चॉकलेट खाल्लं, त्यांनी आज रात्री निवांत झोपावं.

मला जो प्रयोग प्रत्येक पालकसभेत सांगावासा वाटतो, तो मात्र वेगळाच आहे आणि फारसा कुणाला माहीत नाही. सेलेस्ट किड नावाच्या संशोधिकेने पूर्वी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात स्वयंसेविका म्हणून काम केलं होतं. तिथली गर्दी, वस्तू कधीही हिसकावली जाण्याची धास्ती. अशा जागी वाढणारं मूल समोरची मिठाई तत्काळ खाणार, आणि ते शहाणपणाचंच आहे, असं तिला वाटे. पुढे रोचेस्टर विद्यापीठात तिने आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांना घेऊन प्रयोग रचला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

मुलाला चित्र काढायला बसवलं. समोर वापरलेल्या खडूंचा डबा. बाई म्हणाल्या, "हे घे, नाहीतर थांब, मी नवीन, छान सामान घेऊन येते." मूल थांबलं. अडीच मिनिटांनी अर्ध्या मुलांकडे बाई खरोखर रंगांनी भरलेला ट्रे घेऊन आल्या. उरलेल्या अर्ध्यांकडे मोकळ्या हातांनी आल्या: "अगं बाई, नवीन नाहीच आहे आपल्याकडे. हेच वापर." मग स्टिकरच्या बाबतीत पुन्हा तेच. एकाला मोठे, सुंदर स्टिकर मिळाले. दुसऱ्याला पुन्हा दिलगिरी. आणि मग मिठाई. ज्यांना बाईंनी शब्द पाळून दाखवला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. १४ पैकी ९ जण शेवटपर्यंत, म्हणजे पंधरा मिनिटं. ज्यांना दोनदा तोंडघशी पाडलं होतं ती सरासरी ३ मिनिटं थांबली, आणि शेवटपर्यंत टिकलं ते एकच मूल.

या २८ मुलांना दोन गटांत वाटलं होतं ते नुसत्या चिठ्ठ्या टाकल्यासारखं. संयमी इकडे, उतावळी तिकडे, असं काही नव्हतं. फरक होता तो दारातून आत-बाहेर करणाऱ्या बाईंच्या वागण्यात, आणि तो पडायला फार वेळही लागला नाही. मिशेल यांनी फार पूर्वी, १९५० च्या दशकात, त्रिनिदाद बेटावर याचा सुगावा काढलाच होता. तिथे आफ्रिकी वंशाचे आणि आपल्याकडून गेलेल्या गिरमिटिया मजुरांचे वंशज शेजारी शेजारी राहत आणि एकमेकांना नावं ठेवत: हे उडाणटप्पू, ते कंजूष. आत्ता छोटं चॉकलेट की आठवड्यानं मोठं, असं विचारल्यावर वडील घरात नसलेली मुलं आत्ताचं छोटं जास्त उचलत. आठवड्यानं येतो म्हणणाऱ्या परक्या माणसावर त्यांनी विश्वास ठेवावा तरी कशाच्या जोरावर, असं मिशेलनाही पुढे वाटलं.

आता आपल्या घरात या. "इंजेक्शन नाही देणार काका, नुसतं बघणार आहेत." दिलं. "पाच मिनिटांत येते", आणि मागच्या दारानं पाय न वाजवता ऑफिसला. "हा पसारा आवर, मग बागेत जाऊ." पसारा आवरला, तोवर बाबांचा फोन लागला, बागेत अंधार पडला. "उद्या नक्की." ही 'उद्या नक्की' मराठी घरांत इतकी चलनात आहे की तिची किंमत मुलं तीन वर्षांची व्हायच्या आत ओळखतात. तुम्ही फसवायचं म्हणून बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. दिवसच तसा असतो. पण मुलाच्या वहीत हेतूचा रकाना नसतो. आलं की नाही आलं, एवढंच तिथे लिहिलं जातं. मग तेच मूल दुकानात "आत्ताच पाहिजे" म्हणून जमिनीवर लोळण घेतं आणि आपण म्हणतो, हट्टी आहे. अहो, त्याचा हिशेब चोख आहे.

सवयीचंही आहेच. जपान आणि अमेरिकेतल्या मुलांची तुलना करणारा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. खाऊ समोर ठेवला तेव्हा जपानी मुलं बराच वेळ थांबली. कागदात गुंडाळलेली भेटवस्तू ठेवली तेव्हा मात्र त्यांना राहवेना. अमेरिकन मुलांचं नेमकं उलट. कारण सरळ आहे. जपानी घरात सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय जेवायचं नाही ही रीत, अमेरिकेत नाताळची भेट त्या दिवसापर्यंत उघडायची नाही ही रीत. आपल्याकडे गणपतीत मोदकांचं ताट डोळ्यांसमोर असतं, आरत्या काही संपत नाहीत, वर मंत्रपुष्पांजली. तरी चार वर्षांचं पोर थांबतं, कारण ताटातून नंतर नक्की मिळतं आणि आजोबाही थांबलेले असतात. 'संयम नाही' म्हणून ज्याची तक्रार घेऊन येता, तेच हे पोर.

याच बिंग शाळेत आणखी एक प्रयोग झाला, १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा. स्केचपेननं चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी तेच प्रमाणपत्र दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन पुन्हा मांडले आणि मुलं मोकळ्या वेळात किती रमतात ते आरशामागून पाहिलं. बक्षिसाच्या कबुलीवर ज्यांनी चित्रं काढली होती, ती मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ पेन हातात धरत होती. अचानक मिळालेल्या बक्षिसानं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते आधी ठरवलेल्या सौद्यानं.

हे वाचून घरातली सगळी बक्षिसं बंद करायची गरज नाही. मोजे धुण्याच्या बादलीत टाकण्याची गोडी कुणालाच नसते, तिथे एखादा स्टार लावलात तर काही बुडत नाही. पण "दहा पानं वाच, मग अर्धा तास मोबाइल" हा सौदा जरा मुलाच्या बाजूनं ऐकून बघा. पुस्तक म्हणजे भरायचा दंड आणि मोबाइल म्हणजे खजिना, हे तुम्हीच त्याला सांगितलंत. शिष्यवृत्तीच्या वर्षी पहिल्या नंबराला सायकल कबूल करणाऱ्यांनीही, पोराला मुळात गणित आवडत असेल तर, लेपर यांची आठवण ठेवावी.

अल्बर्ट बंडुरांच्या बाहुलीबद्दल फार सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीतच आहे. १९६१ मधला प्रयोग, तोही स्टॅनफर्डच्या बालवाडीत, ७२ मुलांवर. मोठ्या माणसानं हवा भरलेल्या बाहुलीला हातोडीनं बदडलं, आपटलं. ते बघितलेल्या मुलांनी नंतर तसंच बदडलं, तेच शब्द तोंडात घेऊन. शांत बसलेला मोठा माणूस ज्यांनी पाहिला त्यांनी तसं फारसं केलं नाही. ही बाहुली मारण्यासाठीच बनवलेली होती, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्त आहे. तरीही "भावाला मारलंस? थांब तुला दाखवतो" असं म्हणत धपाटा घालणाऱ्या बापानं नेमकं काय दाखवलं, एवढं सांगायला ७२ मुलं पुरेशी आहेत.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. "आमचा मुलगा फार आज्ञाधारक आहे हो, शब्दाबाहेर नाही." हे ऐकलं की मला स्टॅनली मिलग्राम आठवतात. १९६१ मध्ये येल विद्यापीठात त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन साधी, नोकरीधंद्यातली माणसं बोलावली. चार डॉलर मानधन, वर पन्नास सेंट प्रवासखर्च. काम काय, तर पलीकडच्या खोलीतला माणूस चुकला की विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला १५ व्होल्ट वाढवत ४५० पर्यंत. झटके खोटे होते, ओरडणारा सोंग करत होता. पण बटण दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. शेजारी कोट घातलेला एक शांत माणूस उभा, "कृपया पुढे चालू ठेवा" असं सांगत राहणारा. हजारात एखादाच शेवटपर्यंत जाईल असा मनोविकारतज्ज्ञांचा अंदाज होता. गेले ४० पैकी २६. यातल्या काहींना हे नाटक असल्याचा संशय आला होता, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे. तरी चित्र फार पालटत नाही. ही माणसं दुष्ट नव्हती. घाम फुटलेला, ओठ चावलेले, "याला काही झालं तर?" असं विचारत होती आणि बटण दाबत होती. अधिकाराच्या माणसाला तोंडावर 'नाही' कसं म्हणायचं, याचा सराव त्यांना नव्हता.

मोठ्यांचं नेहमी ऐकायचं, उलट बोलायचं नाही, एवढंच शिकलेलं मूल उद्या क्लासमधल्या एखाद्या मोठ्या माणसानं नको तिथे हात लावला तर काय करेल? वरच्या वर्गातल्या मुलानं "हे घे, ओढून बघ" म्हटलं तर? तेव्हा त्याच्या तोंडून 'नाही' निघावं असं तुम्हाला वाटतं ना? मग तो शब्द त्याला घरात कधीतरी वापरू द्यावा लागेल, आणि तो तुमच्याविरुद्धच वापरला जाईल. "मला मामाचा पापा नाही घ्यायचा" म्हणाली तर मामा रुसेल. रुसू दे, मामा मोठा आहे, समजून घेईल. पाहुण्यांसमोर पाढे म्हणायचे नसतील तर तो विषय तिथेच सोडा.

आणि मिलग्राम यांच्याच प्रयोगातला दुसरा एक प्रकार पालकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यात बटणापाशी आणखी दोन माणसं बसवली होती, आणि ठरल्याप्रमाणे ती मध्येच उठून म्हणाली, आम्ही हे करणार नाही. मग शेवटपर्यंत गेले ४० पैकी फक्त ४. सॉलोमन ॲश यांनी त्याआधी रेषांच्या लांबीचा साधा प्रयोग केला होता. टेबलाभोवतीचे सगळे धडधडीत चुकीचं उत्तर देतात तेव्हा तीन-चतुर्थांश माणसं एकदा तरी त्यांच्यात मिसळतात. पण एकजण जरी खरं बोलला, की मिसळण्याचं प्रमाण झरकन खाली येतं. आपल्या बाजूनं कुणीतरी एक आहे, एवढ्यानं पाठीचा कणा ताठ होतो. किशोरवयात त्या एकाची जागा मित्र घेतात असं आपण धरून चालतो. तुमचं लेकरू ग्रुपमध्ये एकटं पडून घरी आलं आणि "सगळे म्हणतात तर तूही कर की, कशाला वाकडं घ्यायचं" असं तुम्ही म्हणालात, तर त्याचा तोही एक जण गेला.

तेव्हा पालकहो, चॉकलेट आणि मोबाइल घेऊन मुलांची परीक्षा घेणं सोडून द्या. त्या खोलीत मुलाइतकेच तुम्हीही तपासले जात असता. घरातून निघताना मागच्या दारानं निसटू नका. रडेल, दोन दिवस भोकाड पसरेल, पसरू दे. "मी सातला येते" म्हणा आणि सातला या. लोकल चुकली, मीटिंग लांबली, तर फोन करा, आणि तो आजीला नको, त्याच्याच कानाला लावायला सांगा.